.भारतखाली मराठी नाव: 'ऱ्या' असलेले नाव नाकारले जाते, शिवाय ईमेल आणि '.महाराष्ट्र'चे काय?

शिवारफेरी

शेतकरी उत्पादक कंपनीसाठी देवनागरीत संकेतस्थळाचा पत्ता हवा आहे. मनात असलेले नाव 'शेतकऱ्यांचाबाजार.भारत'. रोमनमधले .इन नाव आधीच घेतलेले आहे. अडचणी अशा:

१) एका नोंदणीदाराच्या (नावे विकणाऱ्या कंपनीच्या) पॅनेलवर हे नाव 'अवैध' दाखवते, दुसऱ्यावर 'उपलब्ध'. नाव तेच, मग असे का?
२) .भारत नेमके कोणाच्या ताब्यात असते? तक्रार असेल तर जायचे कुठे?
३) त्याच नावावर देवनागरी ईमेल चालेल का? सभासद जीमेल वापरतात.
४) संचालक मंडळात विचारणा आहे की '.महाराष्ट्र' का घेता येत नाही. उत्तर द्यायला मुद्दे हवेत.

होस्टिंग साधे आहे: एक लिनक्स सर्व्हर, एनजिनेक्स आणि वर्डप्रेस.

---

झोनफाइल

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, बाकीचे त्यावरच उभे आहे.

सगळ्यात वर रूट झोन, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांची सर्वांत वरची यादी. त्यात कोणते शेवटचे नाव (टीएलडी) असावे हे आयकॅनच्या (नावांचा जागतिक कारभार पाहणाऱ्या संस्थेच्या) आयाना विभागाकडून ठरते आणि व्हेरिसाइन ही कंपनी ते रूटमध्ये प्रकाशित करते. देशांच्या दोन अक्षरी नावांसाठी आयएसओ ३१६६-१ ची यादी प्रमाण मानतात, म्हणून भारताला .इन. ते १९८९ मध्ये मिळाले आणि सुरुवातीची बरीच वर्षे त्याचा कारभार मुंबईत जुहूच्या एनसीएसटी या संशोधन संस्थेकडून चालायचा. २००५ मध्ये नोंदणी सर्वांना खुली झाली. तेव्हापासून रजिस्ट्री (नावांची मूळ नोंदवही) निक्सीकडे, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडियाकडे आहे.

देवनागरी .भारत मात्र आयएसओच्या यादीतून येत नाही. त्यासाठी आयकॅनने नोव्हेंबर २००९ मध्ये 'फास्ट ट्रॅक' प्रक्रिया सुरू केली. अटी तीन: नाव देशाचे अर्थपूर्ण नाव असले पाहिजे, त्या देशात अधिकृत असलेल्या भाषेत असले पाहिजे आणि रोमनबाहेरच्या लिपीत असले पाहिजे. आधी नावाची छाननी होते. मग नेहमीसारखे सुपूर्द करणे, म्हणजे सरकारचा पाठिंबा, चालवणाऱ्या संस्थेची क्षमता, आणि वेगवेगळ्या नेटवर्कवर निदान दोन नेमसर्व्हर (नावाचा पत्ता सांगणारे सर्व्हर). .भारतची सर्वसाधारण नोंदणी २७ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झाली, आणि पहिल्याच दिवसापासून त्यात हिंदी, मराठी, कोकणी, नेपाळी, मैथिली, डोगरी, बोडो आणि देवनागरीतली सिंधी अशा आठ भाषा होत्या.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. .भारत ही 'मराठीची' किंवा 'हिंदीची' जागा नाही, देवनागरी लिपीची आहे. 'बाजार.भारत' हिंदीभाषक व्यापाऱ्याने घेतले की ते मराठीलाही गेले. उलट बंगाली .ভারত किंवा गुजराती .ભારત ही रूटमध्ये पूर्ण वेगळी नावे आहेत. .भारतखाली नाव घेतले म्हणून तिकडचे आपोआप मिळत नाही, ते स्वतंत्र घ्यावे लागते. भारताची अशी एकूण १५ आहेत, २२ भाषांसाठी. देवनागरीतच .भारतम् (संस्कृत) आणि .भारोत (संथाली) हीसुद्धा आहेत, त्यामुळे फॉर्ममध्ये यादीतून निवडताना नीट बघा.

साखळी अशी: निक्सी (रजिस्ट्री) → मान्यताप्राप्त नोंदणीदार कंपनी → तुम्ही. निक्सी तुम्हाला थेट नाव विकत नाही. .इन विकणारा प्रत्येक नोंदणीदार .भारत विकतोच असे नाही, आणि विकत असला तरी त्याच्या शोधखिडकीचा कोड देवनागरीसाठी तपासलेला असेलच असेही नाही. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिथेच आहे: 'उपलब्ध' म्हणणाऱ्या पॅनेलने बहुतेक नुसती रजिस्ट्रीत नोंद शोधली, नावातले वर्ण चालतात का ते तपासलेच नाही. पैसे भरल्यावर रजिस्ट्री नाकारते. पॅनेलमध्ये भाषा किंवा लिपी निवडायची सोय असेल तर मराठी/देवनागरीच निवडा. तिथे चुकीची लिपी राहिली तर अचूक नावसुद्धा परत येते.

तक्रारीचा क्रम: आधी नोंदणीदार, मग निक्सी. नाव कोणी दुष्ट हेतूने बळकावले असेल तर आयएनडीआरपी नावाची लवाद प्रक्रिया आहे. त्यात तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: तुमच्या चिन्हाशी किंवा नावाशी गोंधळ होण्याइतके साम्य, समोरच्याचा कायदेशीर हक्क नसणे आणि वाईट हेतू. निकालात नाव रद्द होते किंवा तुमच्याकडे येते.

---

कानामात्रा

'अवैध'चे उरलेले अर्धे उत्तर 'ऱ्या'मध्ये आहे.

डीएनएसला (नावावरून सर्व्हर शोधून देणाऱ्या यंत्रणेला) देवनागरी कळत नाही. नाव आधी युनिकोड कोडपॉइंटमध्ये (प्रत्येक वर्णाच्या ठरलेल्या क्रमांकात) मोजले जाते, मग पुनीकोड पद्धतीने रोमन अक्षरे आणि अंक यांत बदलते, आणि पुढे 'एक्सएन--' हा उपसर्ग लागतो. .भारत स्वतः रूटमध्ये 'एक्सएन--एच२बीआरजे९सी' असे आहे (अर्थात रोमन अक्षरांत). म्हणजे डोळ्याला नाव एकसारखे दिसले तरी कोडपॉइंट वेगळे असतील, तर ती दोन वेगळी नावे झाली.

मराठीतला अर्धचंद्रासारखा र दोन प्रकारे टंकला जातो:

अ) ऱ (यू+०९३१) + हलन्त (यू+०९४डी) + य
आ) र (यू+०९३०) + हलन्त + शून्य-रुंदी जोडक (यू+२००डी) + य

दिसायला दोन्ही 'ऱ्य'. दुसऱ्या प्रकारात मधला जोडक अदृश्य आहे. जुने कीबोर्ड आणि फाँट बदलणारी साधने हीच पद्धत वापरत. आयडीएनए या रोमनबाहेरच्या नावांच्या मानकाच्या २००३ च्या नियमांत हा जोडक सरळ गाळला जाई. २०१० मध्ये आलेल्या नव्या नियमांत तो हलन्तानंतर असेल तर चालतो. परिणाम काय? 'दऱ्या' हे नाव (आ) पद्धतीने टंकले आणि एखाद्या जुन्या प्रणालीने जोडक गाळला, तर उरते 'दर्या'. डोंगरात जायचे होते, पोचलो समुद्रावर! तुमच्या नावाचे 'शेतकर्यांचा' होते, जे मराठीत शब्दच नाही, पण डीएनएसच्या दृष्टीने अगदी वैध नाव आहे.

तेव्हा (अ) पद्धतच वापरा, आणि नावात अदृश्य वर्ण एकही येऊ देऊ नका. 'अवैध' सांगणाऱ्या पॅनेलला बहुधा हा जोडकच खटकला असेल. वर्डमधून किंवा व्हॉट्सॲपवरून नाव चिकटवले असेल तर शक्यता आणखी वाढते. कोरे पान उघडून एक-एक वर्ण नव्याने टंका.

याच जातीचे आणखी सापळे, मराठी नावांत हटकून येणारे:

'डॉ' एकाच मात्रेने (ॉ, यू+०९४९) टंकायचे. पुष्कळ जण आधी काना, मग चंद्र देतात: 'डाॅ'. पडद्यावर फरक जवळजवळ दिसत नाही. युनिकोडचे सामान्यीकरण (एकाच वर्णाची वेगवेगळी रूपे एक करणे) या दोघांना एक करत नाही.

'ॲ' हा स्वतंत्र वर्ण आहे (यू+०९७२). 'अ' वर चंद्र देऊन केलेला 'अॅ' वेगळा. 'ॲग्रो' नाव घेणाऱ्यांनी विशेष जपावे.

'बँक' चंद्रबिंदूने (यू+०९०१) एक, आणि चंद्र + अनुस्वाराने 'बॅंक' दुसरे. दोन्ही लिहिणारे लोक आहेत, दोन्ही बरोबर वाचले जातात. असे नाव घ्यायचे असेल तर जमल्यास दोन्ही घ्या, नाहीतर शब्दच बदला.

'क़' सारखी नुक्त्याची अक्षरे सामान्यीकरणात सुटी होतात, 'ऱ' मात्र एकसंध राहतो. म्हणून 'र' खाली नुक्ता देऊन केलेला 'ऱ' शेवटी यू+०९३१ च होतो. तिथे काळजी नाही.

लांबी: एका टप्प्याला (दोन बिंदूंमधल्या भागाला) ६३ रोमन वर्णांची मर्यादा, त्यातले ४ उपसर्गात जातात. देवनागरीत साधारण एका कोडपॉइंटला दोन वर्ण पडतात. आयकॅनने २००७ मध्ये चाचणीसाठी 'उदाहरण.परीक्षा' हे नाव चालवले होते, त्यावर पडताळा घ्या: 'उदाहरण' ६ कोडपॉइंट, पुनीकोड १२ वर्ण. 'परीक्षा' ७ कोडपॉइंट (क्ष म्हणजे क, हलन्त, ष असे तीन), पुनीकोड १३. म्हणजे २५-२८ कोडपॉइंटपर्यंत निर्धास्त. तुमचे 'शेतकऱ्यांचा' दिसते ५ अक्षरी, मोजले तर ११ कोडपॉइंट. 'बाजार'चे ५ मिळवून १६. बसते.

बाकी किरकोळ: जागा सोडता येत नाही, जोडरेघ चालते पण सुरुवातीला-शेवटी नाही. नाव मात्रेने किंवा अनुस्वाराने सुरू होत नाही. रोमन आणि देवनागरी एकाच टप्प्यात मिसळू नका. काही ब्राउझर संशयाने पत्त्यात 'एक्सएन--' चे भेंडोळे दाखवतात.

---

शिवारफेरी

'दर्या' वाचून धडकी भरली. टंकलेले नाव (अ) आहे की (आ), हे खात्रीने कसे पाहायचे? आणि सर्व्हरवर कुठे काय लिहायचे?

---

कानामात्रा

युनिकोड वर्ण दाखवणारे कोणतेही ऑनलाइन साधन घ्या, नाव चिकटवा, एकेक कोडपॉइंट वाचा. ११ + ५ = १६ आले पाहिजेत. १७ आले तर जोडक लपलेला आहे. मग पुनीकोड काढून कागदावर उतरवून ठेवा. पुढे नोंदणीदाराची पावती, आरडीएपीमधली (नाव कोणाचे हे दाखवणाऱ्या सेवेतली) नोंद, संकेतस्थळाचे सुरक्षा प्रमाणपत्र, सगळीकडे तोच पुनीकोड अक्षरशः जुळला पाहिजे. देवनागरी रूप ताडून काही उपयोग नाही, डोळा फसतो.

---

झोनफाइल

सर्व्हरपुरता एक नियम पाळा: यंत्राला पुनीकोड, माणसाला देवनागरी.

एनजिनेक्सच्या 'सर्व्हर नेम'मध्ये पुनीकोड. झोनमध्ये (नावाच्या डीएनएस नोंदींत) पुनीकोड. लेट्स एन्क्रिप्टकडे (फुकट प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थेकडे) प्रमाणपत्र मागताना पुनीकोड (२०१६ पासून ते अशा नावांना प्रमाणपत्र देतात). वर्डप्रेसच्या पत्त्याच्या दोन्ही रकान्यांत पुनीकोड. तिथे देवनागरी लिहिले तर पुनर्निर्देशनाचे चक्र लागते, कारण येणारी विनंती पुनीकोडात असते आणि वर्डप्रेस ती वेगळे नाव समजून परत पाठवत राहतो. क्यूआर कोडमध्येही पुनीकोड घाला, फलकावर छापायला देवनागरी.

क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीतून नाव कॉपी केले की चिकटवताना 'एक्सएन--' येते. तो बिघाड नाही. सभासदांना पाठवायचा संदेश हाताने टंका आणि पुढे 'एचटीटीपीएस' लावा, नाहीतर बऱ्याच ॲपना तो दुवा आहे हेच कळत नाही. मधला बिंदू नेहमीचा पूर्णविराम, हिंदीतला दंड नव्हे.

नेमसर्व्हर बदलताना एक चूक नेहमी होते. डीएनएससेक (नोंदींवरची डिजिटल सही) सुरू असेल तर नोंदणीदाराकडे डीएस नोंद (त्या सहीची खूण) असते. ती तशीच ठेवून नवीन कंपनीचे नेमसर्व्हर लावले की सही जुळत नाही आणि पडताळणी करणाऱ्या सगळ्या रिझॉल्व्हरवर (नाव शोधून देणाऱ्या सर्व्हरवर) नाव बंद पडते. काहींना दिसते, काहींना नाही, आणि दोष होस्टिंगला दिला जातो. आधी डीएस काढा, तिचा टीटीएल (इतरत्र साठून राहण्याची मुदत) संपू द्या, मग नेमसर्व्हर बदला, शेवटी नवी डीएस लावा.

नोंदणी १ ते १० वर्षांसाठी करता येते. नाव कंपनीच्या नावावर घ्या, संकेतस्थळ बनवणाऱ्याच्या नव्हे. ईमेल आणि फोनही कंपनीचा. निक्सीच्या नावांना मालकाची माहिती झाकणारी सेवा चालत नाही. ओळखपत्राची पडताळणी होते आणि ती अडली तर नाव स्थगित होऊ शकते.

---

टपालपेटी

ईमेलबद्दल. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लोक एकच धरतात.

पहिली: बिंदूच्या अलीकडचे, म्हणजे ॲटच्या डावीकडचे नाव रोमन, उजवीकडे देवनागरी डोमेन. 'कार्यालय' ऐवजी रोमनमधले 'ऑफिस'. यात डोमेनचा पुनीकोड वापरला की पत्ता पूर्ण रोमन होतो आणि जगातला कुठलाही मेल सर्व्हर तो घेतो. एमएक्स, एसपीएफ, डीकेआयएम या ईमेलच्या नोंदी सगळ्या पुनीकोडवर लावायच्या. फक्त पत्ता विचित्र दिसतो.

दुसरी: डावीकडेही देवनागरी. याला एसएमटीपीयूटीएफ८ लागते (रोमनबाहेरचे पत्ते चालवणारे २०१२ चे मानक). अट अशी की पाठवणारा, मधला आणि घेणारा, प्रत्येक सर्व्हरने ते जाहीर केले पाहिजे. एकाने नाही केले तर मेल तिथून परत. डावीकडच्या भागाला पुनीकोडसारखा पर्यायच नाही. परतलेल्या मेलमध्ये ५.६.७ हा संकेत दिसला तर हेच कारण समजा. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या प्रोग्राममध्ये ३.० पासून सोय आहे. जीमेल २०१४ पासून अशा पत्त्यांशी पत्रव्यवहार करतो, पण स्वतः देवनागरी पत्ता देत नाही. म्हणजे तुमचे सभासद जीमेलवरून तुम्हाला लिहू शकतील. अडेल ते इतरत्र: शासकीय फॉर्म, पेमेंटची पाने, जुनी कार्यालये. तिथे पत्ता तपासणारा कोड शेवटी दोन ते सहा रोमन अक्षरेच असतील असे धरून बसलेला असतो.

माझा सल्ला: ईमेल तुमच्या .इन वरच ठेवा. देवनागरी पत्ता हवाच असेल तर तो उपनाम म्हणून जोडा आणि टपाल .इनच्या पेटीत पडू द्या. एखाद्या सर्व्हरची परीक्षा घ्यायची तर जोडणी करून 'ईएचएलओ' ही आज्ञा द्या, उत्तराच्या यादीत एसएमटीपीयूटीएफ८ दिसले पाहिजे.

---

काठावरचा

टपालपेटींना किंचित दुरुस्ती: 'बिंदूच्या अलीकडचे' नव्हे, 'ॲटच्या अलीकडचे' म्हणायचे असावे. डोमेनमध्ये बिंदू अनेक असतात.

---

टपालपेटी

बरोबर, धन्यवाद. ॲटच्या अलीकडचे.

---

झोनफाइल

चौथा प्रश्न. '.महाराष्ट्र' हा देशाच्या कोट्यातला विषय नाही. फास्ट ट्रॅकमध्ये फक्त देशाचे किंवा प्रदेशसंज्ञा असलेल्या भूभागाचे नाव चालते, राज्याचे नाही. ते मागायचे तर आयकॅनच्या सर्वसाधारण टीएलडींच्या फेरीत. २०१२ च्या फेरीत अर्जाची फी १,८५,००० डॉलर होती. २०२६ च्या फेरीसाठी ती २,२७,००० डॉलर, आणि अर्जाची मुदत ३० एप्रिल ते १२ ऑगस्ट. ही फक्त छाननीची फी. त्यानंतर आयकॅनची तिमाही वर्गणी, पडद्यामागची तांत्रिक रजिस्ट्री, नोंदींची प्रत रोज तिसऱ्या संस्थेकडे ठेवणे, डीएनएससेक, आणि डीएनएस सेवा १०० टक्के चालू असण्याची करारातली अट.

शिवाय रोमनमधले 'महाराष्ट्र' आयएसओ ३१६६-२ च्या (राज्ये-प्रांतांच्या) यादीत आहे. अशा नावाला संबंधित सरकारचे समर्थन किंवा ना-हरकत लागते. देवनागरीत मागितले म्हणून राज्य शासनाला डावलून ते मिळेल असे मानणे भाबडेपणाचे. थोडक्यात अर्जदार शासन किंवा शासनाने उभी केलेली संस्था असली तरच अर्थ आहे. कॅटलान भाषेचे .कॅट २००५ पासून आहे, बास्कांचे .ईयूएस आहे. ती चालतात कारण मागे त्यासाठीच उभी केलेली संस्था आहे आणि त्या भाषेत मजकूर देणारे हजारो ग्राहक आहेत. उत्पादक कंपनीने त्यात पडू नये.

मंडळाला हेही सांगा की सगळीच नावे सगळ्यांसाठी खुली नसतात. सरकारी कार्यालयांची .गव्ह.इन आणि .सरकार.भारत ही नावे एनआयसी ही सरकारी संस्था देते, शैक्षणिक .एसी.इन अर्नेट ही संस्था देते. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना, नागरी सहकारी बँकांसकट, ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत .बँक.इन वर यायला सांगितले होते आणि ती नावे फक्त आयडीआरबीटी या रिझर्व्ह बँकेने स्थापलेल्या संस्थेकडून मिळतात. तेव्हा तुमची पतपुरवठ्याची पाने असतील तर त्यांच्या नावात 'बँक' घालू नका, ग्राहक आता त्या शेवटाकडे बघायला शिकत आहेत.

स्वस्त पर्याय: तुमच्याच नावाखाली गाववार किंवा तालुकावार नावे काढा, 'सिन्नर.शेतकऱ्यांचाबाजार.भारत' अशी. त्याला ना निक्सीची परवानगी ना जादा पैसे, झोनमध्ये एक ओळ. प्रत्येक टप्पा स्वतंत्र पुनीकोड होतो, ६३ ची मर्यादाही प्रत्येकाला वेगळी. गावे फार असतील तर एकच वाइल्डकार्ड (खालच्या सगळ्या नावांना चालणारे) प्रमाणपत्र काढा, कारण लेट्स एन्क्रिप्ट एका नोंदणीकृत नावाला आठवड्यात ५० च नवी प्रमाणपत्रे देते.

---

शिवारफेरी

मोजले. १७ आले, जोडक होता. नव्याने टंकल्यावर १६, आणि 'अवैध' सांगणाऱ्या पॅनेलने नाव घेतले. ईमेल .इनवरच ठेवतो. शेवटचे एक: 'शेतकर्यांचाबाजार' हे चुकीचे रूपही घेऊन ठेवावे का?

---

कानामात्रा

घ्या. वर्षाची फी मामुली आहे आणि जुन्या फोनवरून येणारा माणूस तिथेच पोचणार आहे. त्यावरून ३०१ ने (कायमच्या पुनर्निर्देशनाने) मुख्य नावाकडे वळवा. मात्र त्यालाही स्वतःचे प्रमाणपत्र लागेल, नाहीतर वळण्याआधीच ब्राउझर लाल पान दाखवतो.